सॉर्टिंग नेक्सिन
सॉर्टिंग नेक्सिन : पेशीतील पटलांना बाहेरून चिकटणाऱ्या व प्रथिनांची पाठवणी ठरवणाऱ्या प्रथिनांचे कुल. मानवात अशी ३० हून अधिक प्रथिने असून ती एसएनएक्स (सॉर्टिंग नेक्सिनचे लघुरूप) १, एसएनएक्स २ अशा क्रमांकांनी ओळखली जातात. पेशीने पृष्ठभागावरून आत ओढलेले ग्राही (विशिष्ट रेणू धरणारी प्रथिने) प्रथम एन्डोसोम या पुटिकेत येतात. तिथून लायसोसोममध्ये (पेशीच्या पचन-पुटिकेत) जाऊन नष्ट व्हायचे की पुन्हा कामावर रुजू व्हायचे, हा निवाडा बऱ्याच अंशी याच कुलाच्या हाती असतो.

सर्व सदस्यांत पीएक्स नावाचा, १०० ते १३० ॲमिनो अम्लांचा भाग असतो. तो अनेकांत एन्डोसोमवरील एका फॉस्फरसयुक्त मेदाला (पीआय३पी) धरतो. सगळ्यांत नाही, त्यामुळे कुल एक असले तरी वागणूक एक नाही. एसएनएक्स १, २, ५, ६ यांच्यात शिवाय बार हा वक्राकार भाग असतो. जोडीजोडीने पटलावर बसून ही प्रथिने त्याला वाकवतात आणि एन्डोसोममधून बारीक नलिका बाहेर काढतात. परत पाठवायचा माल या नलिकेत शिरतो. उदाहरणार्थ, मॅनोज-६-फॉस्फेट ग्राही गॉल्जी पिंडातून (प्रथिनांची वर्गवारी करून ती रवाना करणाऱ्या पेशीभागातून) लायसोसोमची विकरे घेऊन येतो, एन्डोसोममधील आम्लतेत ती सोडतो आणि या नलिकेतून रिकामा गॉल्जीकडे परततो. ही वाट बंद पडली, तर ग्राही लायसोसोममध्ये जिरतो.

एसएनएक्स १ चा शोध १९९६ मध्ये गॉर्डन गिल व सहकाऱ्यांनी लावला. पेशीत ते जास्त प्रमाणात असल्यास ईजीएफ ग्राहीचा (पेशीवाढीचा संदेश घेणाऱ्या ग्राहीचा) नाश वाढतो, असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधनाने मात्र परतीचे काम पुढे आणले, आणि आज या कुलाची खरी ओळख तीच मानावी लागते. एसएनएक्स २७ बीटा-२ ॲड्रेनर्जिक ग्राही (ॲड्रेनलिनचा ग्राही) व जीएलयूटी १ हा ग्लुकोज-वाहक पृष्ठभागावर परत आणते. त्यासाठी त्याला रेट्रोमर या प्रथिन-संकुलाची साथ लागते.

एसएनएक्स १० मधील उत्परिवर्तनाने हाडे झिजवणाऱ्या पेशी निकामी होऊन हाडे दाट पण ठिसूळ होतात; एसएनएक्स १४ मधील बिघाडाने लहान मुलांना अनुमस्तिष्काचा (शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाचा) विकार जडतो. पेशीच्या आत शिरून वाढणाऱ्या क्लॅमिडिया या रोगकारक जीवाणूचे इन्सीई प्रथिन एसएनएक्स ५ ला नेमके तिथेच पकडते, जिथे मॅनोज-६-फॉस्फेट ग्राही एरवी बसतो.