तुकडा काढला, भोक राहिलं

मणक्याच्या गादीचं ऑपरेशन झालं की घरचे बादली उचलू देत नाहीत, शेजारी पट्टा सुचवतात आणि काही महिन्यांनी पायात पुन्हा कळ आली तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘वाकलात ना?’ विचारणाऱ्याची समजूत अशी, की डॉक्टरांनी गादी दुरुस्त करून दिली होती आणि पेशंटने ती पुन्हा बिघडवली. पण या ऑपरेशनमध्ये गादी दुरुस्त होतच नाही.

दोन मणक्यांमधल्या गादीत मध्ये पाणीदार, मऊ गर असतो आणि भोवती चिवट तंतूंचं कडं. या कड्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे साधारण १५ ते २५ थर असतात. एका थरातले तंतू एकीकडे तिरपे, तर पुढच्यातले उलट दिशेला, त्यामुळे पीळ पडला तरी कडं सहसा टिकतं. ते फाटलं की गर बाहेर येतो, शेजारच्या नसेला टेकतो आणि कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत जाते. कमरेतल्या अशा दहापैकी नऊ घटना सर्वांत खालच्या दोन गाद्यांमध्ये घडतात. बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये गादी फाटणं आणि पायातली कळ यांचा संबंध दाखवून दिला. तेव्हापासून छेद लहान होत गेला, सूक्ष्मदर्शक आला, दुर्बीण आली. मूळ तत्त्व मात्र तेच आहे. बाहेर आलेला तुकडा काढायचा आणि नस मोकळी करायची. कड्यातलं भोक बहुतेक वेळा तसंच सोडून दिलं जातं.

ते भोक आपोआप नीट का भरून येत नाही? प्रौढ माणसाच्या गादीत, बाहेरची कड सोडली तर, रक्तवाहिन्याच नसतात. वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपून येईल तेवढ्यावर आतल्या पेशी जगतात. जिथे रक्त पोचत नाही तिथे जखम सावकाश आणि अर्धवट भरते. बाहेरून पातळसा व्रण धरतो, पण आतल्या थरांची तिरपी वीण पुन्हा जुळत नाही.

ऑपरेशननंतर त्याच जागी गादी पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण शंभरात ५ ते १५ असं साधारणपणे सांगितलं जातं. ही सरासरी मला फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण तिच्या पोटात अगदी वेगवेगळे पेशंट दडलेले आहेत. स्टॅनफर्डच्या यूजीन कॅरागी यांच्या गटाने २००३ मध्ये ऑपरेशनच्या वेळी दिसलेल्या भोकानुसार पेशंटांचे गट पाडले. ज्यांच्या कड्याला नुसती बारीक चीर होती, त्यांच्यात गादी पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण १ टक्का निघालं. ज्यांच्या कड्यात मोठं खिंडार होतं, त्यांच्यात ते २७ टक्के होतं. डॉक्टर तसेच, ऑपरेशन तेच. फरक फाटलेल्या जागेचा.

मग आतला सगळा गरच खरवडून का काढू नये? तसं केलं तर पुन्हा बाहेर यायला फारसं काही उरत नाही आणि प्रमाण खरोखर कमी होतं. पण गादी चेपते, मणके जवळ येतात आणि पाय बरा झालेला माणूस कंबरदुखी घेऊन बसतो. म्हणून बहुतेक सर्जन आज सुटा तुकडा आणि आसपासचं सैल तेवढंच काढतात. मोठं भोक बुजवणारं, मणक्यात रोवायचं एक उपकरणही निघालं आहे. अमेरिकेत त्याला २०१८ च्या अखेरीस मान्यता मिळाली. त्याने पुनरावृत्ती जवळपास निम्म्यावर आली, पण शेजारच्या मणक्याच्या पृष्ठभागावर झीज जास्त दिसू लागली.

आता वाकण्याचा मुद्दा. त्यात तथ्य आहेच. जर्मनीतल्या उल्म इथे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवला होता. नुसतं उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल दाब भरला, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३, आणि गुडघे वाकवून तेच वजन उचलताना १.७. (हे एकाच माणसाचे आकडे आहेत.) शिवाय रात्रभर पाणी शोषून गादी सकाळी फुगलेली असते, त्यामुळे उठल्याउठल्या खाली वाकल्यास तिच्यावर ताण जास्त येतो. तेवढं टाळणं अवघड नाही.

पण महिनोन्महिने अंथरुणाला खिळून राहण्याला आधार नाही. कॅरागी यांनीच १९९९ मध्ये ऑपरेशन झालेल्यांवरची बंधनं काढून टाकून पाहिली. लोक लवकर कामाला लागले आणि पुनरावृत्ती काही वाढली नाही. फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात तर गादीच्या झिजेत कामाच्या ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा कितीतरी मोठा निघाला. धूम्रपान आणि मधुमेह यांचा पुनरावृत्तीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, पण ‘सिगरेट ओढलीत ना?’ असं शेजारी क्वचितच विचारतात.

ऑपरेशनशिवाय बरे होणारेही पुष्कळ आहेत. शरीरातल्या भक्षक पेशी बाहेर आलेला गर खाऊन टाकतात, आणि गंमत म्हणजे तुकडा पूर्ण सुटा झालेला असेल तर हे काम अधिक चांगलं होतं. २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात सुटे तुकडे ९६ टक्के वेळा आक्रसलेले आढळले, तर नुसत्या फुगवट्याच्या बाबतीत हेच प्रमाण १३ टक्के होतं. भोक मात्र याही लोकांत मागे राहतंच.

पुन्हा दुखलं म्हणजे गादी पुन्हा आलीच, असंही नाही. नसेभोवती व्रणाची ऊतीही दाटते. साध्या एमआरआयमध्ये दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्त पोचतं तो भाग चित्रात उजळवणारं द्रव्य, देतात. व्रणात रक्तवाहिन्या असल्याने तो उजळतो, गादीचा तुकडा आतून काळाच राहतो. ऑपरेशननंतर लगेचच्या आठवड्यांत केलेला एमआरआय बऱ्या झालेल्या माणसाचाही भयंकर दिसतो, तेव्हा त्यावरून घाबरू नये. काही काळ पाय पूर्ण मोकळा राहून नंतर अचानक तीच कळ तिथेच उठली, तर मात्र पुनरावृत्तीचा संशय बळावतो.

अशा वेळीही सुरुवात बहुधा औषधं, फिजिओथेरपी आणि गरज पडल्यास इंजेक्शनने होते. लघवी अडणं, बसायची जागा बधिर होणं किंवा पाऊल उचलता न येणं, यांपैकी काही झालं तर तासभरही थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं. दुसरं ऑपरेशन करावं लागलं तर व्रणामुळे नसेचं आवरण फाटण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, पण पायाला मिळणारा आराम बऱ्याचदा पहिल्याइतकाच असतो. स्क्रू टाकून मणके जोडण्याचा विचार बहुतेक सर्जन वारंवार पुनरावृत्ती झाली किंवा मणका अस्थिर असला तरच करतात. पहिल्याच पुनरावृत्तीला कोणी तो सुचवला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलेलं बरं.