कोऱ्या न केलेल्या बाइटांची गोष्ट

सी भाषेत एक स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र बांधलेले रकाने, घ्या: आधी एक बाइटचा कॅर (अक्षर), मागोमाग चार बाइटचा इंट (पूर्णांक). बेरीज पाच, पण मेमरीत जागा जाते आठ बाइटांची. इंटचा पत्ता चारच्या पटीत यावा म्हणून कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) दोघांच्या मध्ये तीन बाइट मोकळे सोडतो. मोकळे म्हणजे कोरे नव्हेत. स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या मेमरीत, आधी जे होते त्याचे उष्टे तिथे तसेच पडलेले असते. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, दोन्ही रकाने नीट भरून आठही बाइट वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला दिले, की हे तीनही सोबत गेले. कोड कितीही वाचा, चूक दिसत नाही. चुकीची अशी ओळच नसते.

२००५ मध्ये लिनक्सच्या एक्स्ट२ फाइलसिस्टिममध्ये याच जातीची, पण दांडगी गळती सापडली. नवी डिरेक्टरी केली की तिच्या ब्लॉकमध्ये एक टिंब (ती स्वतः) आणि दोन टिंबे (तिच्या वरची डिरेक्टरी) अशा दोन नोंदी लिहिल्या जात, प्रत्येकी १२ बाइटांच्या. उरलेला ब्लॉक न पुसताच डिस्कवर जाई. ४०९६ बाइटांच्या ब्लॉकमध्ये ४०७२ बाइट कर्नलच्या मेमरीतले! लिनक्सच्या २.६.११.६ आवृत्तीत हे भोक बुजवले.

तरी अशा चुकांना फारसे कुणी मोजत नसे. गळलेल्या बाइटांत कर्नलचे मेमरीतले पत्ते असू शकतात आणि हल्लेखोराला तेच हवे असतात; पण कर्नल ठरल्या पत्त्यावरच बसत असे, मग पत्ता चोरायचा कशाला? लिनक्सच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या पॅक्स प्रकल्पाने २००१ मध्ये प्रोग्रॅमचे पत्ते विस्कटणारे एएसएलआर आणले. ते कर्नलपर्यंत पोचायला दशक गेले: ॲपलच्या माउंटन लायन या मॅकच्या सिस्टिममध्ये २०१२, लिनक्स ३.१४ मध्ये २०१४. आता गळतीचा भाव वधारला. लिनक्सचा गाभा बूट होताना एकाच आकड्याने सरकतो. त्यातला एक पत्ता फुटला की एका वजाबाकीत तो आकडा कळतो, आणि पुढच्या रीबूटपर्यंत सगळे उघडे.

गंमत म्हणजे लिनक्स स्वतःच लॉगमध्ये पत्ते छापत होता. ते हॅश करून, म्हणजे मूळ पत्ता ओळखता येऊ नये असे बदलून, छापायला २०१८ मधली ४.१५ आवृत्ती उजाडली. त्याच वर्षी जानेवारीत कर्नलची मेमरी वाचू देणारे मेल्टडाउन जाहीर झाले, तिथे तर दोष प्रोसेसरचा. त्याच सुमारास सुरक्षा संशोधक मातेउश युर्चिक यांनी एम्युलेटरमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) न भरलेल्या बाइटांचा माग काढत विंडोजच्या कर्नलमध्ये ७० हून अधिक गळत्या शोधल्या.

एकेक भोक शोधत बसणे परवडेना. म्हणून लिनक्स ५.३ मध्ये, २०१९ साली, मेमरी देतानाच शून्याने पुसण्याची सोय आली. वेग थोडा जातो, त्यामुळे ती सगळीकडे आपोआप चालू नसते.