चौरस हा आयत आहे का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या शिकवणीत आठवीचे चौकोन सुरू झाले की वाद ठरलेला. "सर, चौरस हा आयत कसा? आयत लांबट असतो ना!" अशा वेळी मुलांना वेड्यात काढू नये. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिड त्यांच्याच बाजूचा होता.

इसवी सनापूर्वी 300च्या सुमाराच्या त्याच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथामध्ये पहिल्या खंडातली 22वी व्याख्या चौकोनांचे पाच कप्पे पाडते: चौरस, आयत, समभुज चौकोन, संमुख (समोरासमोरच्या) बाजू आणि कोन तेवढे समान असलेला तिरका चौकोन, आणि उरलेसुरले सगळे. आयताला ‘काटकोन हवेत, पण चारही बाजू समान नकोत’ अशी अट. चौरसाला तिथे प्रवेशच नाही. गंमत अशी, की त्याच खंडातलं 34वं प्रमेय समांतरभुज चौकोनाचे (संमुख बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असलेल्या चौकोनाचे) गुणधर्म सिद्ध करतं आणि ते चौरसालाही जसेच्या तसे लागू पडतात. पुढे कप्पे जाऊन डब्यात डबा आला, म्हणजे चौरस आयतात आणि आयत समांतरभुजात, तो याच सोयीपायी. मोठ्या डब्यासाठी केलेली सिद्धता आतल्या डब्यांना फुकट मिळते.

आपल्याकडे चौकोनांना बाजू मोजून नावं पडली: द्विसम (दोन बाजू समान), त्रिसम (तीन समान), विषम (सगळ्या वेगळ्या). पण नुसत्या बाजूंवर विसंबणाऱ्यांना भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (1150) झोडपलं आहे. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा! कारण बाजू त्याच राहूनही आकृती बदलते. स्टेशनजवळच्या एखाद्या दुकानाचं चॅनेल गेट सरकताना पाहा. पट्ट्यांची लांबी तीच, पण जाळीतले समभुज चौकोन मिटत जातात, क्षेत्रफळ आटतं. म्हणून तर सुतार चौकट बसवताना समोरासमोरच्या बाजू जुळल्या तरी दोन्ही कर्ण ताडून बघतो.

आजच्या पाठ्यपुस्तकात चौरस हा आयतही आहे, समभुजही आणि समांतरभुजही. समलंब चौकोनाला मात्र संमुख बाजूंची ‘एकच’ जोडी समांतर लागते, म्हणजे समांतरभुज बाहेर. युक्लिडचा कप्पा तेवढा तिथे शाबूत राहिला. इतरत्र काही पुस्तकं ‘किमान एक जोडी’ म्हणतात आणि समांतरभुजालाही आत घेतात. मला तेच जास्त पटतं. परीक्षेत मात्र आपल्या पुस्तकातलीच व्याख्या लिहा, असं मी फळ्यावर लिहून ठेवतो.