मुदत संपली, मतदान नाही: महासाथीतल्या स्थानिक निवडणुकांची पार्श्वभूमी

मार्च २०२० च्या मध्यावर राज्य निवडणूक आयोगाने महाराष्ट्रातल्या चालू निवडणुका आहेत त्या टप्प्यावर थांबवल्या. १,५६६ ग्रामपंचायतींचे मतदान ३१ मार्चला व्हायचे होते. नवी मुंबई आणि औरंगाबाद महापालिकांच्या निवडणुका उंबरठ्यावर होत्या. गोव्यात जिल्हा पंचायतींचे मतदान २२ मार्चला, म्हणजे नेमके जनता कर्फ्यूच्या दिवशी ठरले होते. तेही पुढे गेले आणि अखेर १२ डिसेंबरला झाले. त्या आठवड्यात या निर्णयांवर कोणी फारसा वाद घातला नाही, आणि तशी वेळही नव्हती. वाद पुढे सुरू झाला, आणि त्यात मास्क-सॅनिटायझरचा भाग थोडाच होता. निवडणूक नसेल तर खुर्चीत कोण बसणार, हा खरा झगडा होता.

साथीत मतदान घेण्याला जुने दाखले आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या लाटेत अमेरिकेने नोव्हेंबरमधली मध्यावधी निवडणूक उरकली होती. आपल्याकडे मुंबईतल्या प्लेगमुळे १८९७ चा साथरोग कायदा आला, आणि मार्च २०२० मध्ये राज्याने तोच पुन्हा बाहेर काढला. चार कलमांच्या त्या कायद्यात निवडणुकीचा शब्दही नाही. ताजा धडा दक्षिण कोरियाचा होता. १५ एप्रिल २०२० रोजी तिथे राष्ट्रीय निवडणूक झाली. मतदारांना हातमोजे दिले, दारात ताप तपासला, विलगीकरणातल्यांना सहा वाजल्यानंतर वेगळे मतदान करू दिले आणि आधीच्या दोन दिवसांच्या आगाऊ मतदानाने गर्दी फोडली. मतदान ६६.२ टक्के झाले, त्यांच्या आधीच्या जवळपास तीन दशकांत सर्वाधिक. म्हणजे 'साथीत निवडणूक अशक्य' हे विधान एप्रिल २०२० मध्येच खोटे ठरले होते. आपल्याकडे मात्र ते पुढची दोन वर्षे गरजेप्रमाणे वापरले गेले.

गरजेप्रमाणे म्हणजे कसे, ते मे महिन्यातच दिसले. तत्कालीन मुख्यमंत्री विधिमंडळाच्या कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. शपथविधी २८ नोव्हेंबर २०१९ चा, त्यामुळे सहा महिन्यांची घटनात्मक मर्यादा मेअखेर संपत होती. विधान परिषदेच्या नऊ जागा एप्रिलमध्ये रिकाम्या झाल्या, पण त्यांची निवडणूक साथीमुळे पुढे ढकललेली होती. मंत्रिमंडळाने राज्यपाल नियुक्त जागेवर त्यांच्या नावाची शिफारस केली, राजभवनातून निर्णय येईना, आणि अखेर राज्यपालांनीच केंद्रीय निवडणूक आयोगाला निवडणूक घेण्याची विनंती केली. २१ मे ही तारीख जाहीर झाली. नऊ जागांना नऊच उमेदवार उरले आणि १४ मे रोजी सगळे बिनविरोध. राज्यातली महासाथीतली ही पहिली निवडणूक एकाही मताविना पार पडली. सरकार टिकवण्यासाठी तारीख सापडते, हे त्यातून गावोगावच्या कार्यकर्त्यांनी बरोबर टिपले.

आता मूळ प्रश्नाकडे. त्या वर्षी, एप्रिल ते डिसेंबरदरम्यान, चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची मुदत संपत होती, म्हणजे राज्यातल्या निम्म्या. आहे त्याच सरपंचांना मुदतवाढ द्या, ही मागणी सर्वांत सोपी आणि लोकांना पटणारी होती. गावात मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरवणे, गावाच्या वेशीवर पहारा, फवारणी, रेशन ही सगळी कामे ग्रामस्तरीय समितीत सरपंचच बघत होते. मधेच माणूस बदलण्यात शहाणपण काय?

अडचण राज्यघटनेची होती. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतीला पाच वर्षे दिली आहेत, 'त्याहून अधिक नाही' अशा स्पष्ट शब्दांत. राष्ट्रीय आणीबाणी असताना लोकसभेची मुदत वर्षावर्षाने वाढवता येते आणि १९७६ मध्ये ती वाढवलीही गेली; पंचायतीसाठी तशी पळवाट ठेवलेली नाही. ती मुद्दाम ठेवलेली नाही, कारण त्याआधीचा अनुभव वाईट होता. पंचायत राज्याचा आदर्श म्हणून मिरवणाऱ्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदांची १९७९ नंतरची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. मुंबई महापालिकेवर १९८४-८५ मध्ये प्रशासक होता. मुदत संपण्याआधीच निवडणूक पूर्ण करावी, हा घटनेतला आग्रह या इतिहासातून आला. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो आणखी घट्ट केला. नैसर्गिक आपत्तीसारख्या अपवादात्मक परिस्थितीची फट मात्र ठेवली.

त्या फटीतून २०२० चा अध्यादेश आला. जूनच्या उत्तरार्धात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५१ मध्ये दुरुस्ती झाली: नैसर्गिक आपत्ती, महासाथ, आर्थिक किंवा प्रशासकीय आणीबाणी अशा कारणांनी निवडणूक घेता आली नाही, तर 'योग्य व्यक्ती'ला प्रशासक नेमता येईल. इथवर फारसे वावगे नव्हते. १३ जुलैच्या शासन निर्णयाने मात्र नेमणूक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने 'पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने' करावी असे ठरवले. पाठोपाठच्या सूचनेत ती व्यक्ती त्याच गावची रहिवासी आणि तिथल्या मतदार यादीतली असावी, असेही आले. सरकारी अधिकारी क्वचितच या वर्णनात बसतो. गावातला कार्यकर्ता हमखास बसतो.

मग व्हायचे तेच झाले. गावागावांतून इच्छुकांच्या याद्या निघाल्या, पक्ष कार्यालयांचे उंबरे झिजू लागले. विरोधकांनी याला मागच्या दाराने केलेला कब्जा म्हटले. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंचाही विरोधाचा सूर आला. सरपंचांच्या संघटना, आजी-माजी सदस्य आणि वकील मंडळी उच्च न्यायालयाच्या मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशा तिन्ही ठिकाणी गेली. सरकारचा बचाव व्यवहाराचा होता: चौदा हजार गावांना पुरतील इतके अधिकारी आणायचे कुठून, आणि असलेले सगळे कोविडच्या कामात गुंतलेले. हा बचाव अगदीच पोकळ नव्हता. एका विस्तार अधिकाऱ्याकडे पाच-सहा गावे आली की त्याचे काय होते, हे कोणत्याही पंचायत समितीत जाऊन बघावे. तरीही पालकमंत्र्यांचा सल्ला कशासाठी, या प्रश्नाला उत्तर नव्हते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी त्याच वर्षापासून येणार होता आणि त्यातला ऐंशी टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात पडणार होता. सही कोणाची, हा प्रश्न म्हणूनच एवढा तापला.

जुलैच्या उत्तरार्धात उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितले की प्रशासक शक्यतो शासकीय सेवेतला किंवा स्थानिक प्राधिकरणातलाच असावा. खासगी व्यक्ती नेमायची झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत. कारणे लिहून द्यायची म्हटल्यावर उत्साह ओसरला. प्रत्यक्षात बहुतेक गावांत विस्तार अधिकारी, कृषी किंवा शिक्षण विभागातले कर्मचारी असे लोक प्रशासक झाले आणि गावचा कारभार तालुक्याच्या ठिकाणाहून चालू लागला.

याच काळातला एक शेजारचा निर्णय फारसा चर्चिला गेला नाही, पण तो शेजारी ठेवून बघितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. सहकारी संस्थांच्या निवडणुका जानेवारी २०२० मध्येच, कर्जमाफीच्या कामाचे कारण देऊन, थांबवल्या होत्या. साथ आल्यावर त्या आणखी पुढे गेल्या. तिथे मात्र सहकार कायद्यात दुरुस्ती करून विद्यमान संचालक मंडळांनाच नवे मंडळ येईपर्यंत कायम ठेवण्याची सोय झाली. साखर कारखाने आणि जिल्हा बँकांचे संचालक राहिले, सरपंच घरी गेले. घटनेची चौकट दोन्हीकडे सारखी नव्हती, हे मान्य. पण ज्या तत्परतेने एकीकडे वाट काढली गेली ती दुसरीकडे दिसली नाही, हेही नोंदवायला हवे.

दरम्यान मतदान सुरक्षित घेण्याची पद्धत देशात तयार होत होती. केंद्रीय आयोगाने २१ ऑगस्ट २०२० रोजी नियम जाहीर केले. एका केंद्रावर पंधराशेऐवजी हजारच मतदार, घरोघरी प्रचाराला उमेदवारासह पाच जण, सही करायला आणि यंत्राचे बटण दाबायला हातमोजा, बाधितांना शेवटच्या तासात मतदान. पासष्ट वर्षांवरच्यांना टपाली मतपत्रिका देण्याची तरतूद जूनमध्ये झाली होती, पण यंत्रणा पुरणार नाही म्हणून बिहारसाठी ती मागे घेतली गेली. ऐंशीच्या वरचे, दिव्यांग, अत्यावश्यक सेवेतले आणि बाधित एवढ्यांनाच ती सोय राहिली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन टप्प्यांत बिहारचे मतदान झाले. केंद्रे एक लाखावर गेली, यंत्रे वाढली आणि १० नोव्हेंबरची मोजणी मध्यरात्रीपर्यंत लांबली. मतदान केंद्रांवर नियम बऱ्यापैकी पाळले गेले, सभांमध्ये नाही. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत हेच दिसले: आयोगाचा वचक केंद्राच्या शंभर मीटरच्या आत, त्याबाहेर नेत्यांची मर्जी.

बिहार झाल्यावर महाराष्ट्राला थांबायला कारण उरले नाही. मार्चमध्ये अडकलेल्या १,५६६ आणि नंतर मुदत संपलेल्या १२,६६८ अशा १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम डिसेंबरमध्ये जाहीर झाला. गर्दी टाळायला अर्ज ऑनलाइन भरायचे होते. सर्व्हर बसला. जात पडताळणीच्या पावत्यांसाठी आधीच रांगा होत्या. शेवटी ३० डिसेंबरला कागदी अर्ज घ्यायला परवानगी मिळाली आणि टाळायची होती ती सगळी गर्दी एकाच दिवशी तहसील कचेरीत उतरली. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत या वेळी मतदानानंतर काढायची ठरली होती. घोडेबाजार रोखणे हा हेतू सांगितला गेला, पण कोणत्या जागेसाठी लढतो आहोत हे न कळता लोक लढले. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली. त्याखेरीज १,५२३ ग्रामपंचायती बिनविरोध झाल्या. १५ जानेवारी २०२१ रोजी १२,७११ गावांत मतदान झाले, सुमारे ७९ टक्के. दोन लाटांमधली ती शांत फट होती, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

तीन महिन्यांत फट बुजली. पंढरपूर-मंगळवेढ्याचे आमदार कोविडपश्चात गुंतागुंतीने नोव्हेंबरमध्ये गेले होते. तिथे १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक होती. राज्यभर १४ एप्रिलच्या रात्रीपासून संचारबंदी लागली, आणि पंढरपूरला मतदान होईपर्यंत तीतून सूट मिळाली. प. बंगालचे आठ टप्पे २९ एप्रिलपर्यंत चालले. मद्रास उच्च न्यायालयाने २६ एप्रिलला दुसऱ्या लाटेचा दोष थेट केंद्रीय आयोगावर ठेवला. आयोगाने दुसऱ्या दिवशी विजयी मिरवणुकांवर बंदी घातली. उत्तर प्रदेशातल्या पंचायत निवडणुकीत ड्यूटीवर गेलेले सोळाशेवर शिक्षक दगावल्याचे शिक्षक संघटनेने सांगितले, सरकारने सुरुवातीला तीन मान्य केले. निवडणूक घेतल्याची किंमत काय असू शकते, याचा हिशोब तिथे आहे, आणि पुढे ढकला म्हणणाऱ्यांची बाजू त्या महिन्यात खरोखर भक्कम होती.

पण महाराष्ट्रात तोवर कारण बदलू लागले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१ च्या निकालाने स्थानिक संस्थांमधले ओबीसी आरक्षण तिहेरी कसोटीत अडकले: मागासलेपण तपासणारा स्वतंत्र आयोग, त्याच्या शिफारशीनुसार संस्थानिहाय प्रमाण, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. त्यामुळे रिकाम्या झालेल्या धुळे, नंदुरबार, वाशिम, अकोला, नागपूर जिल्हा परिषदांतल्या जागांचे मतदान १९ जुलैला ठरले. आरक्षणाविना निवडणूक कोणत्याच पक्षाला नको होती. सरकारने कोविडचे कारण पुढे केले आणि राज्य निवडणूक आयोगाने कार्यक्रम थांबवला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ही सबब धुडकावल्यावर पालघरसह सगळे मतदान ५ ऑक्टोबरला झाले. २१ डिसेंबर आणि १८ जानेवारी २०२२ अशा दोन दिवसांत शंभरहून अधिक नगरपंचायतींचेही मतदान झाले, तेही ओमायक्रॉनची लाट चढत असताना. गोव्याने त्याच लाटेत, १४ फेब्रुवारीला, विधानसभा निवडली. सुरुवातीला सभांवर बंदी आणि घरोघरी पाच जण, मग दहा, मग वीस.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. साथीचे निर्बंध त्याच महिन्याअखेर उठले. निवडणुका लागल्या नाहीत. आधी प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल, मग सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२२ चा 'जैसे थे' आदेश. कलम १५१ मधल्या महासाथ या शब्दाची आता गरजही नव्हती, कारण प्रशासकाच्या हाती कारभार असण्याची सगळ्यांना सवय झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवली. महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला झाले. मार्च २०२० मध्ये ज्यांची तयारी थांबवली होती त्या नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर महापालिकांत तोवर नगरसेवकांची एक आख्खी पाच वर्षांची मुदत निवडून न येताच संपून गेली होती.