एका चौरस इंचाचा फरक: अमेरिकी बीफच्या प्रतवारीची पार्श्वभूमी

अमेरिकेत मांसाची तपासणी सक्तीची, प्रतवारी मात्र ऐच्छिक. कत्तलखाना फी भरून ती कृषी खात्याकडून करून घेतो. प्रतवारीचा पहिला मसुदा 1916चा. वेगवेगळ्या बाजारांतले भाव एकाच मापाने सांगता यावेत, हा तेव्हाचा हेतू. अधिकृत निकष 1926 मध्ये आले आणि 1927 पासून शिक्के पडू लागले.

प्राइम, चॉइस या वरच्या प्रतींच्या शिक्क्यांवरून खाण्याचा दर्जा कळे. धडातून विकण्याजोगं मांस किती निघेल, ते कळत नसे. चरबीने लडबडलेलं धडही वरच्या शिक्क्याने जाई आणि ती छाटण्याचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडे. म्हणून 1965 मध्ये 1 ते 5 असा ‘यील्ड ग्रेड’, म्हणजे मांसाच्या उताऱ्याची प्रत, आला. 1 म्हणजे सर्वांत जास्त मांस.

त्यासाठी थंड झालेल्या अर्ध्या धडाला बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये छेद देतात. चार आकडे लागतात: छेदात दिसणाऱ्या रिबआय या पाठीच्या स्नायूचं क्षेत्रफळ (चौरस इंच), त्यावरच्या चरबीची जाडी (इंच), गुर्दा, ओटीपोट आणि हृदयाभोवतीची चरबी (वजनाच्या टक्क्यांत), आणि धड गरम असतानाचं वजन (पौंड). सूत्र असं:

2.5 + (2.5 × जाडी) + (0.2 × आतली चरबी) + (0.0038 × वजन) − (0.32 × रिबआय)

धड 800 पौंडांचं, चरबी अर्धा इंच, आतली 3 टक्के, रिबआय 13 चौरस इंच असेल तर उत्तर 3.23. अपूर्णांक सोडायचा, ग्रेड 3. रिबआय 14 भरला तर 2.91, म्हणजे ग्रेड 2.

हा एक चौरस इंच कुठेही निसटतो. छेद तिरका गेला की स्नायू मोठा दिसतो. कातडं ओढणाऱ्या यंत्राबरोबर पाठीची चरबी निघून आली की जाडी कमी भरते. दर्जाच्या शिक्क्याचंही तसंच: छेदानंतर हवा लागून रंग खुलायला निदान दहा मिनिटं द्यावी लागतात. घाई केली तर चांगलं मांसही काळपट वाटतं. त्यात धडं चेनवरून सरकत असतात आणि ग्रेडरच्या हाती दर धडामागे काही सेकंद. जाळीची पट्टी लावून चौकोन मोजायला वेळ कुठला? बरंचसं नजरेवरच चाले.

1976 मध्ये दर्जाच्या प्रतवारीतून अंगलटीचा, म्हणजे धडाच्या आकाराचा, निकष काढला, 1987 मध्ये चॉइसच्या खालच्या ‘गुड’ प्रतीचं नाव ‘सिलेक्ट’ झालं. दुसरा बदल मुख्यतः विक्रीच्या सोयीचा. खरा बदल कॅमेऱ्याने केला. मार्बलिंग, म्हणजे स्नायूतली चरबी, मोजण्यासाठी त्याला 2006 मध्ये मंजुरी मिळाली आणि 2009 पासून तो प्रत्यक्ष प्रतवारीत आला. छेदावर टेकवला की तो रिबआय मोजतो आणि स्नायूतल्या चरबीच्या रेषा टिपतो. ग्रेडर अजून शेजारी असतोच, कारण तिरका छेद कॅमेरा सरळ करू शकत नाही आणि गुर्द्याची चरबी त्या चित्रात येतच नाही.

माप नवं झालं, सूत्र मात्र 1965चंच. तेव्हापासून धडं बरीच जड झाली आणि दुधाळ गाईंपासूनची संकरित जनावरंही चेनवर वाढली. त्यांची पाठीवरची चरबी कमी असते आणि मांसलपणाही वेगळा, त्यामुळे रिबआयवरून बांधलेला मांसाचा अंदाज त्यांच्या बाबतीत अधिक चुकतो.