दिवाळीची गर्दी आणि सोयाबीनचा भाव

"पेपरवाले उगाच रडतात. दिवाळीत यवतमाळ-वाशीमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, मग शेतीवर संकट आहे कुठं?" हा युक्तिवाद वर्षानुवर्षं फिरतो आहे. गर्दी खरी आहे, निष्कर्ष चुकीचा.

ही गर्दी येते कशातून, ते पाहा. सोयाबीन ऑक्टोबरच्या आसपास निघतं. सोंगणीची मजुरी, कृषी केंद्राची (बी-खताच्या दुकानाची) उधारी, लेकरांचे कपडे, सगळं एकदम अंगावर येतं. मग माल ओला असला तरी विकावाच लागतो. आवक वाढते, भाव पडतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. बाजार समित्यांत बराच माल त्याच्या खाली गेला. सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. ती १५ टक्के झाली नोव्हेंबरात, दिवाळी उलटल्यावर! म्हणजे दुकानातली गर्दी आणि पडलेला भाव, दोन्ही एकाच शेतकऱ्याच्या एकाच आठवड्यातले असतात.

नवी दुचाकीही फसवते. ती बऱ्याचदा हप्त्यावर असते. गावाची खरी स्थिती बघायची तर जूनमध्ये कृषी केंद्रात बघा: बियाण्याची बॅग रोखीनं उचलली जाते, की वहीत नाव लिहून.