ओस गावं, गंजलेल्या गाड्या: सातारा-सांगलीतल्या सोडून दिलेल्या जागांमागची गोष्ट

सांगलीचा स्टेशन चौक सभांसाठी प्रसिद्ध आहे. रेल्वे पकडायची असेल तर मात्र तिथं जाऊन उपयोग नाही. मिरजेहून सांगलीला १९०७ मध्ये आलेला मीटरगेजचा फाटा शहराच्या या भागात संपायचा. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, मुख्य मार्गच सांगलीवरून नेला गेला, स्टेशन दुसरीकडे गेलं आणि जुना फाटा उखडला. चौकाचं नाव तेवढं राहिलं.

पडक्या जागांचे आणि गवतात रुतलेल्या गाड्यांचे रील सध्या भरपूर फिरतात. ड्रोनमधून दिसणारं कोसळलेलं छप्पर, मागे उदास बासरी आणि खाली हमखास एक ओळ, ‘इथे रात्री कोणी थांबत नाही.’ या भूतबाजीचा मला मनस्वी कंटाळा आहे. एक तर ती खोटी असते. दुसरं, तिच्यामुळे खरा प्रश्न विचारायचा राहून जातो की ही जागा कुणी सोडली, केव्हा आणि कशासाठी. आपल्या दोन जिल्ह्यांपुरतं बोलायचं तर उत्तर बहुतेक वेळा कुठल्या तरी दप्तरात सापडतं. रुळांची रुंदी बदलली, धरण झालं, अभयारण्य जाहीर झालं, परवाना संपला, वाटणीचा दावा कोर्टात अडकला.

पडझडीकडे सौंदर्य म्हणून बघायची रीत मात्र आपल्याकडची नव्हे. अठराव्या शतकात युरोपातले श्रीमंत तरुण शिक्षणाचा भाग म्हणून रोमची सफर करायचे आणि इटालियन चित्रकार पिरानेसीने कोरलेली पडक्या रोमची चित्रं घेऊन परतायचे. इंग्लंडमधल्या काही जमीनदारांनी तर बागेत मुद्दाम नवे कोरे भग्नावशेष बांधून घेतले. फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेर याने १७९६ मध्ये पॅरिसचं लूव्र पडल्यावर कसं दिसेल याचं चित्र रंगवलं, तेव्हा ती इमारत धडधाकट उभी होती. त्याच सुमारास थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे हिंदुस्थानभर फिरून देवळं, घाट, मकबरे चितारत होते. ती चित्रं लंडनमध्ये छापली गेली आणि पडका हिंदुस्थान हाही तिथल्या दिवाणखान्यांतला शोभेचा विषय झाला.

बंद कारखाने, भुयारं, रिकामी इस्पितळं हिंडण्याचा आजचा छंद बराच नंतरचा. टोरांटोच्या जेफ चॅपमनने १९९६ मध्ये त्यावर एक छोटेखानी नियतकालिक काढलं आणि या भटक्यांची आपसात ओळख पटू लागली. डिजिटल कॅमेरे आल्यावर ठिकाणांची जणू यादीच ठरली. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर २७ एप्रिल १९८६ ला रिकामं केलेलं प्रिप्यात शहर, १९७४ मध्ये कोळशाची खाण बंद पडल्यावर ओस पडलेलं जपानचं हाशिमा बेट, बोलिव्हियात उयुनीजवळ वाळवंटात गंजणारी वाफेची इंजिनं. डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन १९८८ मध्ये बंद झालं आणि पुढची तीस वर्षं छायाचित्रकारांचं तीर्थक्षेत्र बनलं. तिथल्या रहिवाशांना ते फोटो आवडत नव्हते. आमचं शहर मेलेलं नाही, तुम्ही फक्त मेलेला भाग टिपता, अशी त्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये ती इमारत घेतली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली.

आपल्याकडे ओसाड जागी जायचं म्हणजे गडावर जायचं. गड ओस पडले तेही हुकमानेच. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या वाटा, दरवाजे आणि तट सुरुंग लावून उडवले, पुन्हा कुणी आत बसून लढू नये म्हणून. साताऱ्याच्या वासोट्यावर त्यांनी त्याच वर्षी तोफा डागल्या. मराठी माणूस गडावर जातो तो इतिहासाच्या ओढीने, नुसती पडझड बघायला नाही. म्हणूनच कदाचित गडाच्या पायथ्याशी पडलेल्या अगदी अलीकडच्या ओसाडीकडे त्याचं फारसं लक्ष जात नाही.

वासोट्याचंच बघा. बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून पलीकडे उतरलं की जंगलात घरांची जोती दिसतात, देवळाचे अवशेष दिसतात. हे मेट इंदवली. ट्रेकर मंडळी इथं पाणी पितात, शेंगदाण्याचा लाडू खातात आणि चढायला लागतात. ज्या पाण्यावरून आपण आलो त्याच्या तळाशी गावं आहेत हे लाँचमध्ये क्वचित कुणी सांगतं. कोयना धरणाचं काम पन्नाशीच्या दशकात सुरू झालं, १९६४ मध्ये १०३ मीटर उंचीची भिंत पुरी झाली. पाण्याखाली गेली ती खोऱ्यातली तळाची भातखाचरं आणि त्यांना लागून असलेली घरं. लोक सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत पांगले. काही वरच्या अंगाला सरकले. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली, उरलीसुरली घरंही बसली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली अभयारण्य झालं, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. दर टप्प्याला आणखी गावं उठली. पाण्यामुळे एकदा वर सरकलेल्याला वाघासाठी पुन्हा उठावं लागलं, असंही घडलं.

उठलेलं गाव जंगलात ओळखायचं कसं, हे जुनी माणसं अचूक सांगतात. भिंत आधी जाते, कारण ती मातीची असते. कौलं आणि वासे लोकांनी स्वतःच काढून नेलेले असतात, नव्या गावठाणात घर बांधायला. मागे राहतं दगडी जोतं, जातं, उखळ, आणि झाडं. एका ओळीत उभे आंबे-फणस, मध्येच चिंच, बांधावर शेवगा दिसला की समजायचं, इथं माणूस नांदला आहे. जंगल अशी झाडं रांगेत लावत नाही. शेताचे बांध दिसतात, पण खाचरांत आता गवत असतं आणि त्यावर गवे चरतात. चांदोलीतला झोळंबीचा सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट पठार, आज पर्यटकांना गवे बघायची जागा म्हणून ठाऊक आहे. झोळंबी हे गाव होतं.

म्हणून या जागांना बेवारस म्हणताना जरा थांबावं. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या जमिनीचे प्रश्न साठ वर्षांनंतरही मिटलेले नाहीत, त्यासाठी अजून आंदोलनं होतात. गावदेवीला वर्षातून एकदा तरी जाऊ द्या, म्हणून वनखात्याकडे अर्ज करणारी माणसं आहेत.

रुळांची गोष्ट एवढी दुखरी नाही, पण आमच्या भागाची खास आहे. मिरज जंक्शनात एके काळी तिन्ही मापाचे रूळ होते. पुणे-कोल्हापूर बाजूला ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. शेवटची ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो हे सिद्ध करायचा चंग बांधला होता. चाकांच्या प्रत्येक जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि तो सगळ्या जोड्यांवर सारखा वाटायचा, हे त्याचं सूत्र. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९२७ मध्ये ती मिरजेला पोचली, १९५४ मध्ये सरकारने घेतली. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव ही तिची आमच्या जिल्ह्यातली स्टेशनं. आषाढीला ही गाडी खच्चून भरायची. नव्वदच्या दशकात मीटरगेज गेलं, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत नॅरोगेजही गेलं, आणि कुठं एखादी ओढ्यावरची दगडी मोरी किंवा झुडपांत गेलेला भराव तेवढा राहिला.

गाड्यांची ओढ वेगळी, कारण पडक्या गाडीत आपण कधी तरी बसलेले असतो. साताऱ्यापुरतं सांगायचं तर मान प्रिया स्कूटरचा. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून प्रिया बाहेर पडू लागली. परवाना राजचे दिवस होते, कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून स्कूटर दारात आली की तिला हळदकुंकू, हार, आणि पहिली फेरी देवाला. पुढे मोटारसायकलींनी बाजार खाल्ला, साताऱ्यात स्कूटर बनणं थांबलं आणि २००९ मध्ये बजाजनेही स्कूटरचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं.

गोठ्यात उभी प्रिया आणि तिच्या शेजारची येझदी मोटारसायकल सारख्या गंजत नाहीत. येझदीला पाइपची चौकट आहे. टाकी सडली, मडगार्ड गळलं तरी सांगाडा शाबूत राहतो, म्हणून हौशी लोक तिच्या मागे धावतात. प्रियाला वेगळी चौकट नाही, पत्र्याचं अंगच तिची चौकट. पाय ठेवायच्या जागेत पाणी साचून पत्रा आतून सडला की गाडीचा कणाच गेला. वरून रंग बरा दिसतो आणि किक मारायला पाय टाकला की खालचा पत्रा फाटतो. पिस्टन जाम झाला असेल तर तेल सोडून, थांबून, हलक्या हाताने सुटतो. सडलेल्या पत्र्याला मात्र वेल्डिंगवाला हात लावायला कुरकुर करतो, कारण ठिणगी पडेल तिथं नवं भोक.

चालत नाही तर विकत का नाहीत? इथं पुन्हा कागद आडवे येतात. गाडी वडिलांच्या नावावर, वडील नाहीत, भावांच्या सह्या जमत नाहीत. पतसंस्थेचा बोजा आरसी बुकावर तसाच, कर्ज फिटलं पण दाखला आणायला कुणी गेलं नाही. भंगारवाल्याला वजनावर दिली तर पुढे तिच्या नंबरावर काही लफडं झालं की नोटीस आपल्या पत्त्यावर. मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. माझ्या ओळखीत हे केलेला माणूस विरळाच.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या गाड्यांची तऱ्हा निराळी. त्या भंगार नसतात, मुद्देमाल असतात. खटला संपेपर्यंत ठेवायच्या म्हणून ठेवलेल्या आणि खटल्याआधी संपलेल्या. फोटो आणि पंचनामा करून अशा गाड्या लवकर सोडाव्यात, ठाण्यात सडवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं. तरी वडाच्या मुळांनी धरलेली रिक्षा बघायची असेल तर कुठल्याही तालुक्याच्या ठाण्यामागे जावं.

सांगलीत आणखी एक कारण आहे, कृष्णा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५ आणि नंतर २०२१ चा पूर. पाण्यात बुडालेली गाडी ओसरल्यावर धुऊन लख्ख होते, खरी मेख सेल्फ मारताना. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी मोडीत धरते. तेव्हा गॅरेजांबाहेर अशा गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, काचेच्या आतल्या अंगाला गाळाची रेघ घेऊन.

वाड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ती कथा घरोघरी ठाऊक आहे. वाईतला किंवा मिरजेतला पडका वाडा पडतो तो वारस नाहीत म्हणून कमी, वारस फार म्हणून जास्त. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने खोली सोडली नाही. मग एका पिढीची वाटणी दुसरीत आठ जणांवर गेली, त्यातले तीन पुण्यात, एक परदेशात. कौल सरकलं, पाणी लाकडात उतरलं, तुळई कुजली. कॅमेरा घेऊन माडीवर चढणाऱ्याने ही तुळई लक्षात ठेवावी, भुतं सोडून द्यावीत. परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हाही ठरू शकतं, भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमाखाली. वासोट्याला वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात वाट बंद असते आणि मुक्काम करता येत नाही.

केंद्राचं वाहन मोडीत काढण्याचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली, त्यामुळे कचेऱ्यांच्या मागे टायर नसलेल्या पांढऱ्या जीपांची गर्दी हळूहळू कमी होईल. खासगी गाडीला वयाची सक्ती नाही. पंधरा वर्षांनी तपासणीत नापास झाली तर ती मोडीत निघायची. पण गोठ्यातली प्रिया तपासणीला जाणारच नाही. तिची नोंदणी कधीच संपलेली आहे आणि रद्द कुणीच केलेली नाही.